सोप्यातली तार

खोली बघायला गेलो त्या दिवशी अण्णांनी आमचं आडनाव विचारलं नाही. हे आधी सांगते, कारण त्याआधीच्या पंधरा दिवसांत कोल्हापुरात आम्ही ज्या ज्या घरी गेलो तिथे पहिला प्रश्न आडनावाचा होता, आणि आडनाव ऐकल्यावर ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. अण्णा दारात आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले, "बाई, तेल कुठलं वापरता?"

"शेंगदाण्याचं."

"पुऱ्या तळल्या की कढईत उरतंय त्याचं काय करता?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी खरं ते सांगितलं, की दुसऱ्या दिवशी भाजीला घालते.

"एकदाच?"

"एकदाच."

"मग चालतंय. या आत."

आत नेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचे खडे पुढे ठेवले. पिवळाधमक गूळ होता, बघत राहावं असा. "शिरोळकडचा हाय. धाकट्या भावाचं गुऱ्हाळ हाय. ह्यात काय मिसळलेलं न्हाय, खावा बिनधास्त." एवढ्या दारांवरून परत आल्यावर कुणीतरी आपल्या हाताने पाणी दिलं होतं. तो गूळ मला फार गोड लागला आणि तेव्हा डोळ्यांत पाणी आलं हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. आमची लेक तेव्हा पाच वर्षांची होती. तिने न विचारता दोन खडे उचलले. अण्णा खूश झाले.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते, नवरा उद्यमनगरच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होता. अण्णा म्हणजे आमचे घरमालक. शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकरी घरातले, भावंडांत एकटेच शिकलेले. सगळं आयुष्य एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून काढलेलं. मूलबाळ नाही, बायको गेलेली. आणि निवृत्त झाल्यावर काय करावं, तर ह्या गृहस्थांनी अख्ख्या कोल्हापूरचं बाहेरचं खाणं तपासायला घेतलं. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशी काचेच्या नळ्यांची मांडणी होती आणि शेजारी मिठाची बरणी. पाहुण्याने चुकून कुठली बाटली उचलू नये म्हणून आम्लाच्या बाटलीला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या असायच्या. भज्याचं पीठ पाण्यात कालवून त्यात पट्टी बुडवायची. सोडा जास्त असला की पट्टी कुंकवासारखी लाल होते. आणि पांढरी लोकर. बायको स्वेटर विणायची, तिच्या मागे राहिलेले गुंडे त्यांनी ह्या कामाला लावले होते. मंचुरियनचा रस्सा, लाल शेव, जिलेबी, जे असेल ते पाण्यात उकळायचं, थोडं आम्ल टाकायचं, त्यात लोकरीचा धागा सोडायचा. मग धागा नळाखाली धुवायचा. मिरचीचा, हळदीचा रंग असेल तर धागा बऱ्यापैकी पांढरा होतो. कारखान्यातला रंग असेल तर तो लोकरीला धरून बसतो, कितीही धुवा.

"परवानगीचा हाय का बिगरपरवानगीचा ते लोकर सांगत न्हाय," ते मला समजावायचे. "ते सांगाय मोठी मशीन लागत्यात. पण मिरचीचा न्हाय एवढं लोकर सांगती. लोकर फितूर होत न्हाय बाई. जीभ फितूर असती."

जीभ फितूर असते, हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. दिवसातून तीनदा तरी ऐकावं लागे.

हे रंगलेले धागे ते सोप्यात, म्हणजे पुढच्या ओट्याच्या खोलीत, एका तारेवर चिमटे लावून टांगायचे. प्रत्येकाला कागदाचा तुकडा दोऱ्याने बांधलेला, त्यावर सुवाच्य अक्षरात: "लाल शेव, बाजारातली." "जिलेबी, लग्नातली." "तंदुरी, दिसायला." हे 'दिसायला' काय ते मी विचारलं तर म्हणाले, मी खाल्ली कुठं, नुसती दिसली म्हणून दुसऱ्याच्या ताटातला मसाला मागून आणला. लग्नात आहेर देऊन झाला की ते खिशातून स्टीलची डबी काढायचे आणि वाढप्याला म्हणायचे, "ह्यात एक जिलेबी टाका, पाक जरा जास्त." यजमान समजायचे, घरी कुणी आजारी असेल. एका मिसळवाल्याने तर त्यांना लांबून बघितलं की गल्ल्यावरून ओरडायचं ठरवूनच ठेवलं होतं: "आलं बघा पावणं! ह्यास्नी कट देऊ नगा रं, उद्या तारंला टांगतील!"

सगळे हसायचे, मीही हसायचे. पण हसता हसता माझं खाणं कमी झालं. भेळ हातात घेतली की लोकर डोळ्यांपुढे यायची. शाळेत मुलं गेटाबाहेर लाल बर्फाचा गोळा चोखत उभी असायची आणि त्यांच्या जिभा बघून मला सोप्यातली तार आठवायची. भीती संसर्गजन्य असते हे मला त्या घरात कळलं.

एक मात्र सांगितलं पाहिजे, अण्णा उगाच बोंब मारणाऱ्यांतले नव्हते. चायनीजमधली ती पांढरी पावडर, लोक जिला चायनीज मीठ म्हणतात, ती विष आहे असं गल्लीत सगळे म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "विष कुठलं? ग्लुटामेट हाय ते. टोमॅटोत असतंय, आपल्या अंगात असतंय. तरास त्यो न्हाय. तरास हा, की त्यानं जिभेला वाटतंय लई चवीचं हाय, आन् मग मैदा, मीठ, तेल, काय आन् किती पोटात गेलं ते कळतच न्हाय." वड्याच्या कढईबद्दल म्हणायचे, तेल पहिल्यांदा तापतं तेव्हा ते तेल असतं, दहाव्यांदा तापतं तेव्हा ते तुटलेलं असतं, चिकट होतं, लवकर धुरावतं, आणि ते तुटलेले तुकडे आपण वड्याबरोबर गिळतो. "एका दिवसात काय होत न्हाय. म्हणूनच वाईट. एका दिवसात पोट दुखलं असतं तर लोकं शहाणी झाली असती."

एवढी काळजी कुठून आली होती ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांच्या बायकोला बाहेरचं फरसाण, भजी फार आवडायची. दर रविवारी कारखान्यातून येताना ते वर्तमानपत्राच्या पुड्यात घेऊन यायचे. पुढे तिचं यकृत गेलं. कशाने ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. अण्णांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. "मीच आणून द्यायचो," एवढंच म्हणाले, आणि नळी धुवायला लागले.

साखर त्यांच्या घरात नव्हती. चहा गुळाचा. कारखान्यात उसाचा रस पांढरा करायला गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. तो किती सोडायचा हे मोजण्यातच त्यांची नोकरी गेली. "जे मोजलं ते खायाचं न्हाय," म्हणायचे. जेवण सूर्य मावळायच्या आत, जैनांच्या रीतीप्रमाणे. चपाती, भाजी, ताक आणि शेवटी गुळाचा खडा. आमची लेक बरोबर त्या वेळेला त्यांच्या पाटाशेजारी जाऊन बसायची. त्यांना ती आज्जा म्हणायला शिकली होती, आणि आज्जा तिला रोज एक खडा द्यायचे. "चॉकलेट खायाचं न्हाय. हे खायाचं. लोखंड असतंय ह्यात. रगत वाढतंय."

मी सुखावायचे. कुणाच्या पोरीला असा आज्जा मिळतो?

मग फाउंड्री बंद पडली. नवरा दोन महिने घरात भिंतीकडे बघत बसला आणि एक दिवस उठून म्हणाला, "चायनीजची गाडी टाकतो." मला हसू आलं, रडूही आलं. त्याला भात सोडून काही येत नव्हतं. पण त्याने एका गाडीवर महिनाभर उभं राहून हात बसवून घेतला. एवढी मोठी आच, वर नाचणारी लोखंडी कढई, आगीची भीती नाही, फाउंड्रीतल्या माणसाला हे जवळचंच होतं. "भट्टीच हाय की ही," म्हणायचा. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी गाडी लागली. तिच्यावर लाल ड्रॅगन रंगवला होता. तो ड्रॅगन घोरपडीसारखा दिसायचा.

अण्णा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबी घेऊन गाडीवर गेले. चौथ्या दिवशी सोप्यातल्या तारेवर एक नवा लालभडक धागा टांगलेला होता. खाली चिठ्ठी: "मंचुरियन. आपल्या घरातला."

नवरा भडकला. "अण्णा, घरात ऱ्हातो म्हणून काय बी करणार व्हय? लाल न्हाय दिसलं तर गिऱ्हाईक म्हणतंय कच्चं हाय!"

"गिऱ्हाइकाचं मला सांगू नगंस. तुझी पोरगी खाती त्यातलं. ती गिऱ्हाईक हाय का?"

लेक खरंच रोज संध्याकाळी गाडीवर जाऊन मंचुरियनचे चार गोळे खायची. नवऱ्याने रंगाची डबी टाकून दिली आणि ब्याडगी मिरची भिजवून वाटायला घेतली. पांढरी पावडर कमी केली, तेल रोज बदलायला लागला. मंचुरियन विटकरी दिसायला लागलं. गिऱ्हाईक ताट बघून म्हणायचं, "काय वो, आज रंग न्हाय आला?" आणि पुढच्या चौकातल्या गाडीकडे वळायचं. तरीही अण्णा जिंकले म्हणून मला आतून बरं वाटलं होतं.

त्याच पावसाळ्यानंतर लेकीचा श्वास लागायला सुरुवात झाली.

संध्याकाळची वेळ. दिवे लागले की सुरू. आधी कोरडा खोकला, मग छातीतून शिट्टी, मग खांदे वर खाली. ती बोलत नसे, नुसती माझ्याकडे बघत बसे. डॉक्टरांनी दमा सांगितला, वाफ दिली, पंप दिला. शेजारणी म्हणाल्या पंपाची सवय लागते. मी दवाखान्यातून येऊन कॅलेंडरवर खुणा करायला लागले. जवळजवळ रोज संध्याकाळी. सकाळी शाळेत पोरगी ठणठणीत. म्हणजे संध्याकाळीच काहीतरी होतं. आणि संध्याकाळी आमच्याकडे काय होतं? गाडी. धूर, तेल, सॉस, व्हिनेगर आणि चार गोळे. ह्यात विचार करण्यासारखं काही होतं का?

अण्णांची अवस्था माझ्याहून वाईट होती. ते मधल्या भिंतीला कान लावून बसायचे. लेक खोकली की इकडे यायच्या आधी त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. एक दिवस ते नवऱ्याला म्हणाले, "बाबा, हात जोडतो. गाडी बंद कर."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या बाजूने बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "अण्णा बरोबर बोलतायत. तुझ्या गाडीपायी माझी पोर मरंल एखाद दिवशी."

'माझी पोर' म्हटलं मी. दुसऱ्या दिवशी त्याने गाडीवर ताडपत्री टाकली आणि दोरीने घट्ट बांधली. लेक त्या दिवसापासून घरचा वरणभात खायला लागली, धुराचं नाव नाही. आठ दिवस गाडी बंद होती आणि आठातले सहा दिवस पोरीला श्वास लागला.

"अंगात मुरलेलं हाय," अण्णा म्हणाले. "जायाला वेळ लागणार." पण त्यांचा आवाज उतरला होता.

मी घाबरले ती ह्यामुळे. कारण माहीत असेल तर माणूस कारणाशी भांडतो. आता भांडायला कुणीच उरलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन माहेरी गेले, गगनबावड्याला. डॉक्टर नको म्हणत होते; तिथली ओल, तिथलं धुकं, दम्याला वाईट. आई म्हणाली, येऊ दे, मी बघते. पंधरा दिवस राहिलो. पोरगी धुक्यात उंडारली. मामाने स्टँडवरचा वडापाव खायला घातला, तो कुठल्या तेलातला होता देव जाणे. लाल बर्फीसुद्धा खाल्ली. मी रोज संध्याकाळी पंप हातात घेऊन तिच्या उशाशी बसायचे. एकदाही लागला नाही. एकदाही.

परत आलो तेव्हा दुपार उतरली होती. अण्णा सोप्यात वाटच बघत होते. तिला बघून त्यांचं तोंड उजळलं. बाहेरून आलेल्याला पाणी आणि गूळ द्यायचा, ही त्यांची रीत. तांब्या आणला, वाटी आणली. "आलीस व्हय गं माझी राणी? नवा गूळ आलाय बघ, परवाच गुऱ्हाळ सुरू झालंय." तिने दोन खडे खाल्ले. मी पिशव्या आत ठेवल्या, चूल साफ केली, भात टाकला. भाताला उकळी येते आहे तोवर बाहेरून खोकला ऐकू आला.

मी तशीच उभी राहिले. गाडी बंद होती. दिवे लागायचे होते. तिने वडा खाल्ला नव्हता, गोळे खाल्ले नव्हते. ती पाणी प्यायली होती आणि तिने गूळ खाल्ला होता.

तिला वाफ दिली, निजवलं. मग दोन दिवस मी अण्णांशी बोलण्याचं धाडस गोळा करत राहिले. सांगायचं कसं? ज्या हाताने ह्या शहरात आम्हाला पहिलं पाणी दिलं, त्या हाताला कसं विचारायचं? शेवटी नळ्या धुताना गाठलं.

"अण्णा, गूळ कधी तपासलाय का?"

ते हसले. "गूळ? बाई, आईच्या हातचं तपासतंय व्हय कोण?"

"तपासलाय का पण?"

हसू गेलं. डोळे मोठे करून बघितलं माझ्याकडे, रागाने. "माझ्या भावाच्या गुऱ्हाळाचा हाय त्यो. माझ्या बापाच्या रानातला ऊस हाय. तुम्ही काय बोलताय कळतंय का?"

"गगनबावड्यात गूळ नव्हता," मी म्हटलं. "इथं रोज आहे. रोज दिवे लागायच्या आधी."

त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. मग फळीवरून ती वाटी काढली.

मी दारात उभी होते. खडा कोमट पाण्यात विरघळवला. नळीत ओतला. लाल चिंधीची बाटली. थोडं आम्ल. खाली स्पिरिटचा दिवा. मग एक नारिंगी कागदाची पट्टी, डायक्रोमेटच्या पाण्यात भिजवलेली, नळीच्या तोंडावर धरली. गंधकाचा वायू आला तर ही हिरवी पडते, हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं. काडी ओढल्यावर येतो तसा बारीक वास माझ्यापर्यंत आला. पट्टीची कड हिरवट झाली. मग पसरत गेली.

अण्णांनी पट्टी टाकली. नवा खडा, नवी नळी. हिरवी. तिसऱ्यांदा दिवा मी धरला. हिरवी.

"वासानं वळखाय पायजे होता," ते म्हणाले. "जलमभर त्यो वास घेतला मी." ते खाली बसले, भिंतीला टेकून, चष्मा हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली एसटी पकडून ते शिरोळकडे निघाले, मला म्हणाले, साक्षीला चला. गुऱ्हाळावर मोठ्या काहिलीत रस खळखळत होता. चुलवाण धगधगत होतं. एक माणूस भेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकून मळी काढत होता, ती जुनी रीत. पाक घट्ट होत आला तसा दुसऱ्या माणसाने पुडीतून पांढऱ्या भुकटीची मूठ भरली आणि काहिलीत भिरकावली. काळपट पाक डोळ्यांदेखत पिवळा झाला आणि काडी ओढल्यासारखा तोच वास आला. कुणी लपवलं नाही. लपवायचं काही आहे असं तिथे कुणाला वाटतच नव्हतं.

अण्णांनी भावाला हाताला धरून बाजूला घेतलं. "हे काय टाकलं?"

"हायड्रॉस. समदीच टाकत्यात की अण्णा. काळ्या ढेपंकडं अडत्या बघत बी न्हाय."

"घरात कुठला खाता?"

भाऊ आत ओरडला. त्याच्या बायकोने डबा आणून दाखवला. आत काळा, ओबडधोबड, मातकट गूळ. "घरचा येगळा काढतो की. भुकटी न घालता. पोरांस्नी ह्योच देतो."

"मग मला?"

भाऊ बावरला. त्याला प्रश्नच कळेना. "तुला काळा कसा पाठवू अण्णा? शिकलेला माणूस तू. कोल्हापुरात ऱ्हातोस. चार लोकांच्या फुडं ठेवणार, लोक काय म्हणतील, भावानं काळी ढेप दिली. तुझ्यासाठी एक नंबरचा, पिवळा, निवडून निवडून काढतो मी. दरसाल. बायकोला हात लावू देत न्हाय त्याला."

अण्णा त्याच्यावर ओरडतील म्हणून मी धसकले होते. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. एसटीत मात्र, जयसिंगपूर मागे गेल्यावर, खिडकीकडे बघत म्हणाले, "बाई, आधी बायको, आता पोर. दोन्ही बारीला माझाच हात."

मी त्यांची समजूत घालायला हवी होती. नाही घातली. खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर राग आला होता. अख्ख्या गावाची जिलेबी तपासली आणि पोरीच्या तोंडात घालायचं तेवढं तपासलं नाही! आणि तेवढाच राग माझा मला आला होता. माझ्या नवऱ्याला मी काय काय बोलले होते. घरी येऊन त्याला सगळं सांगितलं तर त्याने दोनदा विचारलं, "म्हंजे गाडी न्हवती? माझी गाडी न्हवती?" आणि उठून गेला. मला वाटलं अण्णांशी भांडायला गेला. जाऊन बघते तर सोप्यात दोघे एका बाकावर बसले होते.

डॉक्टर म्हणाले, असू शकतं, काहींना त्याने श्वास लागतो. नसूही शकतं, वयाने कमी होतं. तो पिवळा गूळ बंद झाला. श्वास लागणं कमी झालं, पुढच्या हिवाळ्यात दोनतीनदा लागला, मग जवळजवळ नाहीच. कशाने थांबलं ते मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. गाडी पुन्हा लागली, विटकरी मंचुरियनचं स्वतःचं गिऱ्हाईक तयार झालं.

अण्णांनी बाहेरची तपासणी सोडली. तारेवरचे धागे एकेक करून उतरवले आणि तिथे फक्त ती हिरवी पट्टी टांगली. चिठ्ठीवर लिहिलं: "गूळ. माझ्या हातचा." येणाराजाणारा विचारायचा, हे काय? ते सांगायचे, सगळं, न लपवता. भाऊ आता काळा गूळ पाठवायचा. अण्णा तो तपासून डबा माझ्या हातात द्यायचे. "तुम्ही द्या तिला. माझ्या हातानं नगं." सूर्य मावळायच्या आधी लेक त्यांच्या पाटाशी जाऊन बसायची तशीच, पण त्यांनी तिच्या हातावर पुन्हा काही ठेवलं नाही. नऊदहा वर्षं. पेरूची फोडसुद्धा नाही.

मग ती पुण्याला शिकायला निघाली. दुपारची एसटी होती, रिक्षा दारात उभी, नवरा बॅगा चढवत होता. अण्णा पार थकले होते, काठी घेऊन सोप्यात बसलेले. ती त्यांच्या पाया पडली आणि उठून उजवा हात पुढे केला.

"आज्जा, निघाले मी. हातावर काहीतरी ठेवा की."

निघताना हातावर दही-साखर ठेवतात. त्या घरात साखर नव्हती, हे तिलाही माहीत होतं.

अण्णा तिच्या तळव्याकडे बघत राहिले. मग काठी टेकत आत गेले. आम्ही ऐकत होतो. डब्याचं झाकण. काचेचा आवाज. काडी ओढल्याचा आवाज. मी आत जायला निघाले तर नवऱ्याने हात धरला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

बऱ्याच वेळाने ते आले. एका हातात नारिंगी पट्टी, नारिंगीच, ती त्यांनी आधी मला दाखवली, मग नवऱ्याला, मग तिला. दुसऱ्या हातात हरभऱ्याएवढा काळा खडा. तो त्यांनी तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तोंडात टाकला.

"चला, उशीर होतोय," नवरा म्हणाला.

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला बाकावर आपल्याशेजारी बसवलं. "अर्धा तास बस."

"आज्जा, एसटी जाईल."

"जाऊ दे."

तिने आमच्याकडे बघितलं आणि पाय जुळवून बसली. नवऱ्याने रिक्षावाल्याला हाताने थांबायची खूण केली आणि उंबऱ्यावर टेकला. मी भिंतीशी उभी राहिले. अण्णा डोळे मिटून, कान तिच्या छातीकडे करून बसले होते. आम्ही सगळे तिचा श्वास ऐकत राहिलो.